दीर्घिकागटातला तप्त वायू कसा अभ्यासावा: चंद्रा दुर्बिणीच्या खुल्या नोंदींपासून आघात-तरंगांपर्यंत

कन्या तारकासमूहात, थोड्या दीर्घिकांच्या एका गटाच्या मध्यभागी, एनजीसी ५८१३ नावाची एक लंबवर्तुळाकार दीर्घिका आहे. हौशी दुर्बिणीतून ती धुरकट ठिपक्यासारखी दिसते. क्ष-किरणांत मात्र तिच्याभोवती सुमारे ८० लाख केल्विन तापमानाचा वायू पसरलेला दिसतो. त्या वायूत एकाच रेषेवर पोकळ्यांच्या तीन जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीला आघात-तरंगाची (ध्वनीहून वेगाने सरकणाऱ्या दाबाच्या लाटेची) कड आहे. मधल्या कृष्णविवराने वेगवेगळ्या काळी तीन उद्रेक केले आणि तिन्हींच्या खुणा अजून शाबूत आहेत. इतका स्वच्छ वाचता येणारा इतिहास दुसऱ्या कुठल्या गटात मला दिसलेला नाही.

चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने केलेल्या या निरीक्षणांच्या मूळ नोंदी आज कुणालाही फुकट उतरवून घेता येतात, त्यासाठी खातंसुद्धा उघडावं लागत नाही. एमएस्सीच्या विद्यार्थ्याने साधा लॅपटॉप आणि दोन-तीन महिन्यांच्या संध्याकाळी दिल्या तर तो त्या पोकळ्या आणि त्या कडा स्वतः मोजू शकतो. त्याच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

गट म्हणजे लहान गुच्छ नव्हे

आधी हे डोक्यात पक्कं बसू द्या, कारण पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात. दीर्घिकांचे मोठे गुच्छ १० चा १४ वा घात सौर वस्तुमानांच्या वर असतात. गट त्याहून हलके, साधारण १० चा १३ वा घात आणि त्याच्या थोडे वर. त्यांच्यातला वायूही कमी तापलेला, अर्धा ते दोन केईव्ही. एक केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) म्हणजे तापमानात अंदाजे १ कोटी १६ लाख केल्विन.

गुच्छाचा वायू इतका तप्त असतो की त्याचा वर्णपट बहुतांशी गुळगुळीत उतरता दिसतो. गटाच्या तापमानाला लोहाचे अणू पूर्णपणे उघडे पडलेले नसतात. त्यांच्या असंख्य रेषा ०.७ ते १.२ केईव्हीच्या पट्ट्यात गर्दी करतात आणि त्यांचा एक उंचवटा तयार होतो. हा उंचवटा म्हणजे गटाचा थर्मामीटर. तापमान वाढलं की तो उजवीकडे सरकतो. त्यामुळे गटाचं तापमान हजारभर फोटॉनांतही चांगलं निघतं, गुच्छाला त्याहून बरेच जास्त लागतात. पण हाच उंचवटा पुढे लोहाचं प्रमाण मोजताना फसवतो. ते ओघात येईल.

गटांभोवतीचा हा वायू पहिल्यांदा १९९३ मध्ये रोसॅट दुर्बिणीने दाखवला, एनजीसी २३०० च्या गटाभोवती. म्हणजे हे क्षेत्र जेमतेम तीस-पस्तीस वर्षांचं आहे.

दुर्बीण कोणती

चंद्रा २३ जुलै १९९९ ला कोलंबिया यानातून गेली. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव तिला दिलेलं आहे. तिची ताकद तिच्या नजरेत आहे: अर्ध्या विकलेपर्यंतचा तपशील ती सुटा करते (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). एनजीसी ५८१३ आपल्यापासून सुमारे ३२ मेगापार्सेक, म्हणजे साडेदहा कोटी प्रकाशवर्षांवर आहे. त्या अंतरावर एक विकला म्हणजे जेमतेम १५० पार्सेक. हजार पार्सेकची पोकळी बघायची तर दुसरी दुर्बीण चालणार नाही.

एक्सएमएम-न्यूटन त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेली. ती जास्त प्रकाश गोळा करते, तिचं दृष्टिक्षेत्रही ३० कलांचं (कला म्हणजे ६० विकला), म्हणून गटाच्या बाहेरच्या भागासाठी ती बरी. २०१५ साली गेलेल्या आपल्या ॲस्ट्रोसॅटवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेली मृदू क्ष-किरण दुर्बीण आहे. तिच्यातून तेजस्वी गटाचं सरासरी तापमान काढता येतं, पण तिची नजर विकलांची नाही, कलांची आहे. पोकळ्या तिच्यात दिसणार नाहीत. सुरुवात चंद्रानेच करा.

नोंदी उतरवणं आणि पुन्हा प्रक्रिया करणं

चंद्राचं सॉफ्टवेअर सियाओ. ते लिनक्स आणि मॅकवर सरळ चालतं, विंडोजवर लिनक्सची उपप्रणाली घालावी लागते. कोंडा या पॅकेज-व्यवस्थापकामधून बसवा आणि कॅलिब्रेशनच्या फाइली सोबतच घ्या. काही जीबी जागा मोकळी ठेवा. वर्णपटासाठी शेर्पा त्यातच येतं. बरेच जण त्याऐवजी एक्सस्पेक वापरतात. चित्रं बघायला डीएस-नाइन. आज्ञांची नावं मी देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना ती रोमन छोट्या अक्षरांत आणि शब्दांच्या मध्ये खालची रेघ देऊन लिहायची.

प्रत्येक निरीक्षणाला एक क्रमांक असतो. एनजीसी ५८१३ ची पहिली दोन म्हणजे २००५ चं ५९०७ आणि २००८ चं ९५१७. मिळून साधारण दीड लाख सेकंद. पुढे २०११ मध्ये आणखी निरीक्षणं झाली आणि एकूण वेळ साडेसहा लाख सेकंदांवर, म्हणजे साडेसात दिवसांवर गेला. सगळं एकदम उतरवू नका. ९५१७ घ्या, त्यावर हात बसवा, मग बाकीची.

'डाउनलोड चंद्रा ऑब्सआयडी' ही आज्ञा फाइली आणते. त्यांच्यावर लगेच 'चंद्रा रिप्रो' चालवा. संग्रहातली फाइल तिच्या वेळच्या कॅलिब्रेशनने केलेली असते, तुम्हाला आजचं हवं. इथे एक छोटा पर्याय आहे जो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. निरीक्षण 'व्हेरी फेंट' पद्धतीने घेतलेलं असेल, तर डिटेक्टरवर टिपलेल्या प्रत्येक नोंदीभोवतीच्या पाच गुणिले पाच चौकटींची माहिती उपलब्ध असते. ती वापरून क्ष-किरण आणि भरकटलेला भारित कण यांत फरक करता येतो. पुन्हा प्रक्रिया करताना हा तपास चालू करायला सांगावं लागतं, आपोआप होत नाही. गटाच्या फिकट कडांसाठी हा फायदा मोलाचा आहे.

आता थांबा, आणि चित्र नुसतं बघा. ०.५ ते २ केईव्हीचा पट्टा, लघुगणकी मोजमाप, थोडा गुळगुळीतपणा. अर्धा तास द्या. केंद्र कुठे आहे, तेज कुठे तुटतं, कुठल्या बाजूला खळगा आहे, याचं वहीत पेन्सिलीने रेखाटन करा. पुढे आलेखांत काही विचित्र निघालं की हे रेखाटन उपयोगी पडतं.

गाळणी

दोन गोष्टी गाळायच्या. पहिली म्हणजे वेळ. पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय पट्ट्यांतले कण अधूनमधून डिटेक्टरवर झोडपतात आणि पार्श्वभूमी काही मिनिटं उसळते. गट ज्यावर पडलेला असतो ती एस-३ चिप मागून प्रकाशित होणारी आहे आणि अशा उसळ्यांना जास्त बळी पडते. गटाचा उजळ भाग आणि बिंदुस्रोत झाकून २.५ ते ७ केईव्हीमध्ये तेजाचा काळानुसार आलेख काढा आणि 'डिफ्लेअर'ने उसळलेला काळ कापा. कापलेला वेळ बघून जीव हळहळतो, पण हात आखडू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे बिंदुस्रोत: दूरचे क्वेसार आणि त्याच दीर्घिकेतले क्ष-किरण जोडतारे. 'वेव्हडिटेक्ट' १, २, ४, ८, १६ पिक्सेलच्या मापांवर चालवा. मिळालेली यादी डोळ्यांनी तपासल्याशिवाय वापरू नका. केंद्राजवळ पोकळीच्या कडेचा दाबलेला वायूही गाठीसारखा दिसतो आणि हा प्रोग्राम त्याला बिंदुस्रोत समजतो. आंधळेपणाने झाकलं तर ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो आघात-तरंगच झाकला जाईल.

एकाहून जास्त निरीक्षणं असतील तर 'मर्ज ऑब्स'ने त्यांचं एक्स्पोजर-दुरुस्त एकत्र चित्र बनवा. पण हे चित्र फक्त बघण्यासाठी आणि तेजाच्या आलेखासाठी. एकत्र केलेल्या फाइलीतून वर्णपट काढू नका. डिटेक्टरच्या गाळणीवर वर्षानुवर्षं एक दूषित थर साचत गेला आहे. त्यामुळे एक केईव्हीच्या खालची चंद्राची संवेदनशीलता सतत घटते आहे, आणि गटाचं सगळं काम तर तिथेच आहे. २००५ चा वर्णपट आणि २०११ चा वर्णपट यांचे प्रतिसाद (डिटेक्टर कोणत्या ऊर्जेला किती नोंदी देतो ते) वेगळे. ते वेगवेगळे काढायचे आणि एकाच मॉडेलने एकाच वेळी फिट करायचे.

पार्श्वभूमी: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

दूरच्या गुच्छाच्या बाबतीत चिपच्या कोपऱ्यात रिकामं आकाश मिळतं, ते वजा करून काम भागतं. जवळचा गट पूर्ण चिप भरून टाकतो. एस-३ चिप ८.३ कलांची. एनजीसी ५८१३ च्या अंतरावर एक कला म्हणजे सुमारे ९ किलोपार्सेक, म्हणजे चिपची कड केंद्रापासून चाळीसेक किलोपार्सेकवर येते. तिथे वायू संपलेला नसतो.

माझ्या पहिल्या प्रयत्नात मी कोपऱ्यातलाच तुकडा पार्श्वभूमी म्हणून घेतला होता. बाहेरच्या वलयांत घनता झपाट्याने घसरताना दिसली आणि गटाची कडच सापडली असं मला वाटलं. मी गटातूनच गट वजा केला होता. दोन आठवडे गेले त्यात, आणि आकडे इतके सुबक होते की शंका यायलाच वेळ लागला.

रस्ते दोन आहेत. पहिला, कोऱ्या आकाशाच्या तयार फाइली. 'ब्लँकस्काय' ही आज्ञा तुमच्या निरीक्षणाला जुळणारी फाइल शोधून तिची दिशा जुळवून देते. तिचं प्रमाण ९.५ ते १२ केईव्हीमधल्या नोंदींवरून बसवायचं, कारण त्या ऊर्जेला चंद्राचे आरसे जवळजवळ काहीच परावर्तित करत नाहीत आणि जे दिसतं ते निव्वळ कणांचं असतं. आधी 'व्हेरी फेंट'ची गाळणी लावली असेल तर तीच कोऱ्या आकाशाच्या फाइलीलाही लावा. एकाला लावली आणि दुसऱ्याला नाही, तर दोन्हींची तुलनाच होत नाही.

पण कोऱ्या आकाशाची फाइल म्हणजे अनेक दिशांची सरासरी, आणि मृदू क्ष-किरणांत आकाश सगळीकडे सारखं नाही. सूर्याभोवतीच्या स्थानिक बुडबुड्याचा वायू साधारण ०.१ केईव्हीचा, आकाशगंगेच्या प्रभामंडळाचा ०.२ च्या आसपास, आणि सौरवाऱ्यातल्या आयनांची चमक दिवसागणिक बदलते. हे सगळं बरोबर गटाच्या उंचवट्याच्या पायथ्याशी येऊन बसतं.

म्हणून दुसरा रस्ता, वजा न करता मॉडेल करणं. स्थानिक बुडबुड्याला एक तप्त प्लाझ्मा, प्रभामंडळाला दुसरा, दूरच्या न सुटलेल्या क्वेसारांना १.४ निर्देशांकाचा घातनियम. या तिघांना ताळ्यावर ठेवायला रोसॅटच्या अखिल-आकाश सर्वेक्षणाचा वर्णपट जोडीला घ्या. नासाच्या हीसार्क केंद्राचं एक ऑनलाइन साधन तुमच्या गटाभोवतीच्या वलयाचा असा वर्णपट काढून देतं. वलय गटाच्या वायूपासून पुरेसं दूर ठेवा. कणांच्या पार्श्वभूमीसाठी या रस्त्यावर डिटेक्टर आडोशाला असताना घेतलेल्या फाइली वापरतात.

माझं मत: उजळ केंद्रासाठी पहिला रस्ता पुरतो. बाहेरच्या वलयांसाठी दुसरा पत्करावा, वेळ लागला तरी. दोन्हींत शेवटी एक परीक्षा घ्याच. पार्श्वभूमीचं प्रमाण पाच टक्के वर आणि पाच टक्के खाली करून सगळे फिट पुन्हा चालवा. ज्या वलयातलं तापमान यामुळे आपल्या त्रुटीच्या बाहेर उडी मारतं, तिथली मोजणी पार्श्वभूमीची आहे, वायूची नाही. ते वलय सोडून द्या.

वर्णपट

केंद्राभोवती वलयं आखा, प्रत्येकात निदान दीड-दोन हजार निव्वळ नोंदी येतील इतकी रुंद. 'स्पेकएक्स्ट्रॅक्ट'ने वर्णपट आणि प्रतिसादाच्या फाइली काढा. फिट ०.६ पासून सुरू करा आणि गटासाठी ४-५ केईव्हीवर थांबा, त्यावर फारसं काही उरत नाही. प्रत्येक खान्यात वीस-पंचवीस नोंदी कोंबून काय-वर्ग वापरण्यापेक्षा एक नोंद प्रति खाना ठेवून सी-स्टॅट (थोड्या नोंदींनाही चालणारी जुळणीची कसोटी) वापरा.

मॉडेलचा गाभा असा: आकाशगंगेतल्या हायड्रोजनचं शोषण गुणिले एपेक नावाचा तप्त प्लाझ्मा. शोषणाचा स्तंभ हायड्रोजनच्या रेडिओ सर्वेक्षणांवरून घेऊन गोठवा, ताम्रसृती ०.००६६ ला गोठवा. तापमान, लोहाचं प्रमाण आणि तेज मोकळं सोडा. दीर्घिकेच्या आतल्या भागात न सुटलेल्या जोडताऱ्यांचा प्रकाश मिसळलेला असतो, त्यासाठी १.६ च्या आसपासच्या निर्देशांकाचा घातनियम जोडा. तो विसरलात तर फिट तापमान वर ढकलून भरपाई करतो.

आता तो फसवा उंचवटा. समजा एका वलयात ०.६ आणि ०.९ केईव्हीचा वायू मिसळलेला आहे. दोन्हींचे उंचवटे मिळून एक रुंद, बुटका उंचवटा होतो. त्याला एकाच तापमानाचं मॉडेल लावलं तर ते म्हणतं, उंचवटा बुटका आहे, म्हणजे लोह कमी असणार. लोह कमी नसतं, तापमानं दोन असतात. या चुकीला लोह-पक्षपात म्हणतात. तिच्यामुळे बरीच वर्षं गटांत लोह अगदी थोडं आहे अशी समजूत राहिली. म्हणून केंद्राच्या प्रत्येक वलयात एक-तापमान आणि दोन-तापमान दोन्ही फिट करून बघा. दुसरं घटक-तापमान जोडल्यावर लोहाचा आकडा ठळकपणे वर गेला, तर पहिल्यावर विश्वास ठेवू नका.

लोहाबद्दल आणखी एक. 'सूर्याच्या इतकं' म्हणजे किती, याची कोष्टकं बदलत आली आहेत. १९८९ चं अँडर्स-ग्रेव्हेस कोष्टक आणि २००९ चं ॲस्प्लंड कोष्टक यांत सूर्यातल्या लोहाच्या प्रमाणात जवळजवळ दीडपट फरक आहे. एक्सस्पेक मूळचं जुनं कोष्टक धरतं. कोणतं वापरलं ते वहीत पहिल्या ओळीत लिहा, नाहीतर दुसऱ्याच्या आकड्यांशी केलेली तुलना फुकट जाईल.

वायूची घनता आणि एन्ट्रॉपी

आपल्याला दिसतं ते आकाशावर चपटं झालेलं चित्र. आतल्या वलयात बाहेरच्या सगळ्या कवचांचा प्रकाश मिसळलेला असतो. कांद्याचे पापुद्रे सोलतात तसं बाहेरून आत यायचं: सगळ्यात बाहेरच्या कवचाचा वाटा काढायचा, तो आतल्या वलयातून वगळायचा, मग पुढचं. एक्सस्पेकमधलं 'प्रोजेक्ट' हे मॉडेल हेच करतं. सोलल्यावर शेजारच्या कवचांची तापमानं वर-खाली डोलू लागली तर ती खरी रचना समजू नका, वलयं रुंद करा.

तेज घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, म्हणून एपेकच्या नॉर्मवरून (तेजाच्या गुणकावरून) इलेक्ट्रॉनांची घनता निघते. तिच्यावरून एन्ट्रॉपी: तापमान भागिले घनतेचा दोन-तृतीयांश घात. उदाहरणादाखल ०.७ केईव्ही आणि घनसेंटिमीटरला ०.०१ इलेक्ट्रॉन घेतले तर उत्तर १५ केईव्ही वर्गसेंटिमीटर येतं. असा वायू एक अब्ज वर्षांच्या आतबाहेर थंड होऊन कोसळायला हवा. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, आणि तरी तो तापलेलाच आहे. त्याला कोण तापवतं, हे बघायला कडांकडे जायचं.

आघात-तरंग आणि पोकळ्या

कडा उठून दिसाव्यात म्हणून मूळ चित्रातून त्याचंच खूप गुळगुळीत केलेलं रूप वजा करा. मग केंद्रापासून दहाएक किलोपार्सेकवरच्या कडेला काटकोनात, तिच्या वक्रतेला जुळणारे बारीक पट्टे घेऊन तेजाचा आलेख काढा. वर्तुळाकार वलयं इथे चालत नाहीत, कड लंबवर्तुळी आहे आणि वर्तुळात उडी पुसट होते.

खगोलशास्त्रज्ञ स्कॉट रँडल आणि सहकाऱ्यांनी या कडेचा माख अंक (तरंग ध्वनीच्या किती पट वेगाने जातो तो आकडा) सुमारे १.५ काढला. त्याचा अर्थ हाताने पडताळता येतो. आघाताच्या नेहमीच्या सूत्रांत माख १.५ आणि वायूचा ५/३ हा निर्देशांक घाला: घनता १.७ पट, तापमान १.५ पट. तेज घनतेच्या वर्गाने, म्हणून कडेवर जवळजवळ तिप्पट उडी, प्रक्षेपामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. तुमच्या आलेखात घनतेची उडी दिसली पण तापमान कडेच्या आत कमी निघालं, तर तो आघात नाही, ती शीत कड (थंड आणि तप्त वायूंमधली नुसती सीमा) आहे. म्हणून दोन्ही बाजूंचे वर्णपट काढल्याखेरीज आघात म्हणू नये.

आता वय. ०.७ केईव्हीच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला अंदाजे ४३० किलोमीटर. माख १.५ म्हणजे ६५० च्या आसपास. या वेगाने १० किलोपार्सेक जायला सुमारे दीड कोटी वर्षं लागतात. सुरुवातीला तरंग अधिक वेगवान असणार, त्यामुळे खरं वय थोडं कमी. आतला तरंग आणि बाहेरचा, सुमारे ३० किलोपार्सेकवरचा तरंग यांच्याशी तुलना केली की उद्रेकांमधलं अंतर कोटीभर वर्षांचं निघतं. साडेसहा लाख सेकंदांच्या निरीक्षणांतून निष्कर्ष निघाला तो असा, की या आघातांनी दिलेली उष्णताच वायूच्या थंड होण्याची भरपाई करायला पुरते.

पोकळ्यांसाठी प्रत्येकीला लंबवर्तुळ बसवा, आकारमान काढा, सभोवतालचा दाब त्याला गुणा आणि चारने गुणा. सापेक्षतावादी कणांनी भरलेला फुगा फुगवायला इतकी ऊर्जा लागते. पोकळीची खोली आकाशात दिसत नाही, म्हणून आकारमानातली त्रुटी मोठी असते. ती प्रामाणिकपणे लिहा.

पोकळीत काय भरलंय हे क्ष-किरण सांगत नाहीत, त्यासाठी रेडिओ लागतो. जुने इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत जातात आणि उच्च वारंवारतेला आधी विझतात, कमी वारंवारतेला उशिरापर्यंत दिसत राहतात. हे काम नारायणगावजवळ खोडदला उभ्या असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने केलं आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी. २३५ आणि ६१० मेगाहर्ट्झवर तिने अनेक जवळचे गट पाहिले, एनजीसी ५८१३ आणि एनजीसी ५०४४ त्यांत आहेत. तिच्या नोंदीही संग्रहात खुल्या आहेत. क्ष-किरणांच्या चित्रावर रेडिओच्या समतेजरेषा चढवा, आणि त्या कुठल्या पोकळीत शिरतात, कुठल्या पोकळीला रिकामं सोडतात ते पहिल्या दिवशीच्या रेखाटनाशी ताडून पाहा.

इथवर हात बसला की पुढचा गट एनजीसी ५०४४ घ्या. तो उजळ आहे, पण त्यातल्या पोकळ्या बारीक आणि विखुरलेल्या, एका रेषेत नाहीत, म्हणून तो आधी घेऊ नये. त्यानंतर एचसीजी ६२, ज्यात पोकळ्यांची एक जोडी चटकन दिसते पण आघात शोधायला चिकाटी लागते. दोन्हींसाठी पार्श्वभूमीच्या फाइली नव्याने बनवा, एनजीसी ५८१३ च्या तिकडे नेऊ नका.